शेजाऱ्याच्या हाती कायद्याची काठी

सणाचा दिवस असतो. चर्चच्या आवारात माणसे मावत नाहीत, रस्त्यावर रिक्षा, टेम्पो आणि मोटारसायकली यांची दाटी झालेली असते. त्या गर्दीच्या तोंडाशी खाकी गणवेशातला एक तरुण शिट्टी वाजवीत वाहने वळवीत उभा असतो. जवळ गेल्यावर आपल्या ध्यानात येते, अरे, हा तर आपल्याच आळीतला! आठवडाभर तो कारखान्यात जातो, पहाटे उठून भाजीच्या टोपल्या स्टेशनवर पोहोचवतो आणि बंदोबस्ताची हाक आली की होमगार्डचा गणवेश चढवून उभा राहतो. आपण हसून विचारतो, "काय रे बाबा, आज ड्युटी वाटतं?" आणि त्याने अडवलेल्या वाटेनेच गाडी पुढे काढतो. पोलीस असता तर आपण थांबलो असतो. हा आपलाच पोरगा, म्हणून थांबत नाही.

या लहानशा प्रसंगात एक जुना आणि गहन प्रश्न दडलेला आहे. आपल्यातल्याच एका माणसाच्या हाती काही तासांपुरती कायद्याची काठी दिली, तर त्याचे आपण ऐकायचे का? आणि ती काठी त्याने कोणाच्या बाजूने, कोणाच्या विरुद्ध उगारायची? पोटासाठी पोलिसाची नोकरी करणाऱ्याची गोष्ट वेगळी. आपला धंदा सांभाळून, मोकळ्या वेळात, वस्तीच्या रक्षणासाठी उभा राहणारा हा अर्धवेळ पोलीस जगाच्या इतिहासात अनेक रूपांनी वावरला आहे. त्याची कहाणी वाचकांपुढे मांडावी, असे आम्हांला पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

पावलांचा माग

पगारी पोलीस ही तशी अलीकडची वस्तू आहे. त्यापूर्वी शेकडो वर्षे गावाची राखण गावानेच केली. आपल्या महाराष्ट्रात पाटील हा गावचा मुख्य. त्याच्या हाताखाली वेशीवर वेसकर, रात्री फिरणारा जागल्या, कोठे रामोशी तर कोठे भिल्ल, अशी रखवालीची व्यवस्था असे. मराठेशाहीचा अस्त झाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आढळते. गावात चोरी झाली की राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढावा. तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवला की जबाबदारी त्या गावावर जाई. माग आपल्याच हद्दीत हरवला, तर चोरीची भरपाई करून देण्याचा भार राखणदारावर आणि त्याच्या गावावर पडे. चोर सापडला नाही म्हणून सर्वांनी हात झटकायचे, ही सोय त्या काळी नव्हती.

मुंबई बेटातही असाच प्रकार झाला. सतराव्या शतकात बेट इंग्रजांच्या हाती आल्यावर गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याने बेटावरच्या रहिवाशांतूनच रक्षकदल उभे केले. त्यात भंडाऱ्यांचा भरणा मोठा होता. म्हणून इतिहासात ते 'भंडारी मिलिशिया' या नावाने ओळखले जाते. माहीम, शिव, शिवडी येथे सुभेदारांच्या हाताखाली या लोकांच्या चौक्या असत. मुंबईच्या पोलीस दलाचे मूळ अभ्यासक या दलात शोधतात.

पण या जुन्या राखणीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. गावचा राखणदार स्वेच्छेने राखणदार झालेला नव्हता. तो त्या जातीत जन्मला, म्हणून रात्र त्याच्या वाट्याला आली. वेशीवर पहारा महाराने द्यायचा, सरकारी निरोप घेऊन कोसन् कोस त्यानेच धावायचे आणि मोबदला म्हणून तुटपुंजे वतन व शिळेपाके बलुते. या वतनी गुलामगिरीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात ही वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. रामोशांची कथाही याहून फार निराळी नाही. नव्या राजवटीत त्यांचे परंपरागत हक्क गेले, तेव्हा कालचे राखणदार उमाजी नाईकांच्या मागे बंडात उतरले. सारे गाव निश्चिंत झोपावे म्हणून एकाच जातीने जन्मभर जागायचे, ही सेवा नव्हे. ती वेठ होय.

धर्मग्रामाचा शिपाई

आपला आजचा पोलीस कायदा इंग्लंडच्या वळणावर घडला. म्हणून तेथील जुन्या राखणीकडेही वळले पाहिजे. इ. स. १२८५ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने विंचेस्टर येथे एक कायदा केला. त्यातील तपशील वाचताना आपल्या गावगाड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तटबंदीच्या नगरांची दारे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बंद असावीत. मोठ्या नगराच्या प्रत्येक दारावर ६ माणसे, लहान नगरात १२ आणि खेड्यात वस्तीच्या मानाने ६ किंवा ४ माणसे रात्रभर पहाऱ्यावर असावीत. हा पहारा प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून संत मायकेलच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत चालावा. परका माणूस रात्री फिरताना दिसला तर सकाळपर्यंत त्याला अडकवून ठेवावे. चोर पळाला तर हाकाटी करून साऱ्यांनी त्याच्या मागे धावावे. चोर न सापडल्यास त्या टापूतील गावांनी मिळून नुकसान भरावे. राजरस्त्याच्या दोन्ही अंगांची झाडी दोनशे फुटांपर्यंत तोडावी, म्हणजे दबा धरून बसण्यास जागा उरणार नाही. शिवाय चर्चच्या आवारात बाजार आणि जत्रा भरवू नयेत, असेही याच कायद्याने बजावले आहे.

पुढे इंग्लंडमध्ये धर्मग्राम हा मुलकी कारभाराचाही घटक बनला. रस्त्यांची डागडुजी, गरिबांचा सांभाळ आणि शांततेचे रक्षण ही कामे धर्मग्रामाच्या गळ्यात पडली. दरवर्षी गावातील एका गृहस्थाची शिपाई म्हणून नेमणूक होई. मुदत साधारणपणे वर्षाची आणि पगार नाही. सुतार असो वा शेतकरी, पाळी आली की त्याने आपला धंदा सांभाळून चोर पकडायचे, भांडणे सोडवायची, भटक्यांना हद्दपार करायचे.

कल्पना चांगली होती. परंतु माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. ज्याच्या गाठीला चार पैसे होते, तो आपल्या पाळीला बदली माणूस देऊ लागला. बदली म्हणून येई तो बहुधा म्हातारा, दुबळा किंवा दुसरे काहीच न जमणारा. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकात एल्बो नावाचा असा एक शिपाई आहे. शेजाऱ्यांकडून थोडे पैसे घेऊन तो वर्षानुवर्षे त्यांच्या वाटणीचे काम करतो आणि साधी तक्रारही त्याला धडपणे मांडता येत नाही. त्याच नाटककाराचा डॉगबेरी तर गस्तवाल्यांच्या वेंधळेपणाचा कायमचा नमुना होऊन बसला. प्रेक्षक पोट धरून हसत असतील. पण आपण हसतो आहोत ते आपण टाळलेल्या कर्तव्याला, हे त्यांतील किती जणांच्या ध्यानात आले असेल?

दोन मैदाने

अठराव्या शतकाच्या अखेरीस गिरण्या आल्या, खेडी ओस पडून शहरे फुगली आणि शेजाऱ्याला शेजारी ओळखेनासा झाला. गावाच्या मापाने शिवलेला शिपाई शहराला पुरेना. तेव्हा दंगा होण्याचे चिन्ह दिसले की न्यायाधिकारी काही नागरिकांना शपथ देऊन काही दिवसांपुरते शिपाई नेमू लागले. हेच ते 'स्पेशल कॉन्स्टेबल' किंवा विशेष शिपाई. दोन मैदानांवर घडलेल्या हकिगती त्यांच्या इतिहासात फार बोलक्या आहेत.

पहिले मैदान मँचेस्टरचे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्ड येथे सुमारे ६० हजार माणसे बायकामुलांसह जमली होती. एवढ्या मोठ्या शहराला पार्लमेंटात स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. तो मिळावा, हे त्यांचे मागणे. न्यायाधिकाऱ्यांनी शेकडो विशेष शिपाई नेमून मैदानात त्यांची दुहेरी रांग लावली होती. हे शिपाई बहुतांशी सुखवस्तू, राजनिष्ठ वर्गातले. समोरचा जमाव विणकर आणि गिरणी कामगारांचा. वक्त्यांना पकडण्याचा हुकूम सुटला आणि घोडेस्वार उपसलेल्या तलवारींनी गर्दीत घुसले. सुमारे १८ माणसे प्राणास मुकली, शेकडो जखमी झाली. मृतांमध्ये एक विशेष शिपाईही होता. ज्यांच्या मदतीसाठी तो उभा राहिला, त्यांच्याच घोडदळाच्या धुमश्चक्रीत तो सापडला.

यानंतर दहा वर्षांनी रॉबर्ट पील याने लंडनसाठी पगारी पोलीस दल उभारले. त्या दलाची पहिली गस्त २९ सप्टेंबर १८२९ रोजी निघाली. संत मायकेलच्या सणाच्या दिवशी जुन्या कायद्यातला पहारा संपत असे. त्याच दिवशी नव्या पोलिसांचा पहारा सुरू झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. पोलीस म्हणजेच जनता आणि जनता म्हणजेच पोलीस, हे तत्त्व पीलच्या नावावर सांगितले जाते. ते शब्दांत बांधले गेले पुष्कळ नंतर, विसाव्या शतकात. पण त्यातील विचार खरा आहे. गणवेशातला माणूस जे काम पगार घेऊन करतो, ते मुळात प्रत्येक नागरिकाचेच काम होय.

पगारी पोलीस आले तरी विशेष शिपाई गेले नाहीत. १८३१ च्या कायद्याने त्यांना पक्के रूप दिले. दंगा झाला किंवा होण्याची रास्त भीती असली, तर दोन न्यायाधिकाऱ्यांनी नागरिकांची नेमणूक करावी. जो शपथ घेण्यास नकार देईल, त्याला पाच पौंडांपर्यंत दंड.

दुसरे मैदान लंडनमधील केनिंग्टन कॉमनचे. १० एप्रिल १८४८ रोजी चार्टिस्टांनी तेथे सभा बोलावली होती. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा हक्क आणि गुप्त मतदान या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. त्या वर्षी युरोपभर सिंहासने डळमळत होती, त्यामुळे लंडनचा वरचा वर्ग हादरला. हजारो लोक विशेष शिपाई होण्यास पुढे आले. जुन्या ग्रंथांत त्यांचा आकडा दीड लाखावर नेलेला आढळतो. अलीकडील अभ्यासक तो ८५ हजारांच्या आसपास धरतात. त्यांत फ्रान्समधून परागंदा झालेला लुई नेपोलियनही दंडाला पट्टी बांधून गस्त घालीत होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो फ्रान्सचा अध्यक्ष झाला आणि १८५२ मध्ये सम्राट! सभा मात्र शांतपणे पार पडली. चार्टिस्टांचा अर्ज भाड्याच्या घोडागाड्यांतून पार्लमेंटला पोहोचला आणि माणसे पावसात घरी गेली.

एका मैदानावर रक्त सांडले, दुसऱ्यावर सांडले नाही. तरी दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. समाजाच्या एका थराला शपथ देऊन दुसऱ्या थरासमोर उभे केले गेले होते. शेजाऱ्याच्या हातातली काठी शेजाऱ्याच्या रक्षणासाठी आहे की शेजाऱ्याविरुद्ध, हा प्रश्न तेथे उघडा पडला.

पाच पौंड आणि पन्नास रुपये

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी १८६१ चा पोलीस कायदा केला. त्याची १७, १८ आणि १९ ही कलमे पाहिली की १८३१ च्या इंग्रजी कायद्याची सावली स्पष्ट दिसते. दंगा झाला वा होण्याची भीती असली आणि नेहमीचे पोलीस अपुरे पडणार असले, तर पोलीस अधिकाऱ्याच्या अर्जावरून मॅजिस्ट्रेटने आसपासच्या रहिवाशांना 'विशेष पोलीस अधिकारी' नेमावे. त्यांना पोलिसांचेच अधिकार, पोलिसांचेच संरक्षण. विनाकारण नकार देणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड. त्या काळी साधारणतः दहा रुपयांना एक पौंड पडे. म्हणजे पाच पौंडांचा दंडच रुपयांत मोडून येथे आणलेला दिसतो.

दंड तोच, कलम तेच; पण भूमी निराळी. इंग्लंडमध्ये निदान कायदा करणारे आणि पाळणारे एकाच देशाचे होते. येथे परक्या सरकारने नागरिकाच्या हाती काठी द्यायची आणि त्याने ती आपल्याच लोकांसमोर धरायची. १९०५ साली स्वदेशीच्या चळवळीत पूर्व बंगालमधील रंगपूर येथे याचे टोक गाठले गेले. तेथील प्रतिष्ठित नागरिकांनाच विशेष शिपाई म्हणून नेमल्याचे हुकूम निघाले. चोर पकडणे हा हेतू नव्हताच. स्वाभिमानी माणसांना खाली पाहायला लावणे, हा हेतू होता. त्यांनी ती काठी हाती घेण्याचे नाकारले. कर्तव्य टाळणारा श्रीमंत आणि अन्यायाचे हत्यार होण्यास नकार देणारा नागरिक, दोघांनाही कायद्याने एकाच दंडाच्या कलमात बसवले होते. इतिहासाने मात्र त्यांत भेद केला.

युद्ध आणि संप

इंग्लंडमधल्या विशेष शिपायाला स्थिर आणि आदराची जागा मिळाली ती पहिल्या महायुद्धात. १९१४ च्या कायद्याने दंग्याची वाट न पाहता त्यांची नेमणूक करता येऊ लागली. तरणे पोलीस आघाडीवर गेले आणि मागे राहिलेले दुकानदार, कारकून, शिक्षक रात्री पूल, पाण्याचे साठे आणि रस्ते राखू लागले. १९१९ साली त्यांच्या दीर्घ सेवेसाठी खास पदक सुरू झाले आणि १९२३ च्या कायद्याने शांततेच्या काळातही ही संस्था कायम राहिली.

लगेच १९२६ साली कसोटी आली. खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी ३ ते १२ मे या काळात देशभर सार्वत्रिक संप झाला. सरकारने विशेष शिपायांची भरती इतकी वाढवली, की त्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. अनेक ठिकाणी संपवाल्यांशी त्यांच्या चकमकी झडल्या आणि कामगार वस्त्यांत त्यांच्याविषयी कडवटपणा साचला. याउलट प्लायमाउथ येथे नेहमीचे पोलीस आणि संपकरी यांनी ८ मे रोजी चक्क फुटबॉलचा सामना खेळला. संपकऱ्यांनी तो २-१ असा जिंकला. रोज एकमेकांची तोंडे पाहणाऱ्या माणसांना भांडतानाही एकमेकांचे भान राहते. घाईघाईने शपथ दिलेल्या, ना प्रशिक्षण ना ओळख अशा माणसाला ते राहीलच, याची खात्री देता येत नाही.

मुंबईतला ६ डिसेंबर

आता आपल्या दारच्या खाकी तरुणाकडे परत येऊ. १ सप्टेंबर १९४६ पासून मुंबईत जातीय दंगली पेटल्या. प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे. पोलीस अपुरे पडत होते. तेव्हा ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत नागरिकांचे एक स्वयंसेवी दल सुरू करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन स्वारीच्या भीतीने ब्रिटनमध्ये जे नागरी दल उभे राहिले होते, त्याचेच 'होमगार्ड' हे नाव येथेही रूढ झाले. १९४७ साली मुंबई होमगार्ड कायदा झाला. या कायद्याखाली होमगार्डला शपथ घ्यावी लागते, प्रशिक्षण घ्यावे लागते आणि बोलावणे आल्यावर कामावर असेपर्यंत त्याला पोलिसाचे अधिकार व संरक्षण मिळते. काम संपले की तो पुन्हा आपल्यासारखा साधा नागरिक.

चीनच्या १९६२ च्या आक्रमणानंतर केंद्र सरकारने सर्व राज्यांना आपापली विखुरलेली स्वयंसेवी दले एका साच्यात आणण्याचा सल्ला दिला आणि मुंबईत रुजलेले रोप देशभर पसरले. पूर, भूकंप, निवडणुका, गणपती विसर्जन, जत्रा, कोठेही पाहावे, हा माणूस उभाच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर जो अतिरेकी हल्ला झाला, त्यात कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांमध्ये एक होमगार्डही होता. गोळीने पगारी आणि स्वयंसेवक असा भेद केला नाही.

सरकारने मात्र तो पुष्कळ वर्षे केला. 'स्वयंसेवक' या गौरवाच्या शब्दाआड कमी पैशांत काम करून घेण्याची सोय झाली. शेवटी ११ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की होमगार्ड हे नियमित नोकर नसले, तरी त्यांचा कर्तव्यभत्ता असा असावा, की महिनाभर काम केल्यास तो पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका व्हावा. महाराष्ट्रात हा दैनिक भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये होण्यास २०२४ साल उजाडले.

याहून कितीतरी भयंकर उदाहरण छत्तीसगडचे आहे. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी तेथे सुमारे ६,५०० आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमले होते. मानधन महिना ३,००० रुपये, शिक्षणाची अट जेमतेम पाचवी आणि हाती बंदूक. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा नेमणुका घटनाबाह्य ठरवून बंदुका परत घेण्याचा आदेश दिला. गरिबाच्या पोराला तोकडे शिक्षण देऊन मृत्यूच्या तोंडी उभे करणे, याला स्वयंसेवा म्हणता येत नाही. जुनी वेठ नवे नाव घेऊन परत आली होती, इतकेच.

काठीवाचून राखण

६ डिसेंबर ही तारीख महाराष्ट्राला आणखी दोन कारणांनी विसरता येत नाही. १९५६ साली या दिवशी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. वतनाच्या पहाऱ्यातून आपल्या बांधवांना सोडवणारा हा महापुरुष गेला तो दिवस होमगार्डचा वर्धापनदिन असावा, हेही विचार करायला लावणारे आहे. आणि १९९२ साली याच दिवशी अयोध्येत मशीद पाडली गेली व मुंबई पुन्हा पेटली.

त्या वणव्यात भिवंडी शांत राहिली. १९८४ च्या भीषण दंगलीने होरपळलेले हे गाव सर्वांत आधी भडकेल, असेच कोणालाही वाटले असते. परंतु १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. प्रत्येक वस्तीत हिंदू आणि मुसलमान दोन्हींची साधी माणसे, आणि त्यांच्याशी नित्य संबंध ठेवण्याची जबाबदारी साध्या पोलीस शिपायावर. नळाचे भांडण, मुलांची मारामारी, लाउडस्पीकरचा वाद, सगळे तेथल्या तेथे मिटे. या माणसांच्या हाती काठी नव्हती, अंगावर गणवेश नव्हता. तरी अफवा आली की कोणाच्या दारी जाऊन खरेखोटे करायचे, हे त्यांना ठाऊक होते. दंगलींनंतर मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश सहानी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने अशा समित्यांची चळवळ उभी राहिली.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट उमगते. शेजाऱ्याने शेजाऱ्याची राखण करणे, यापरते चांगले काम नाही. पण त्याला काही कुंपणे हवीत. राखण जन्माने लादलेली नसावी, मनापासून पत्करलेली असावी. एका थराची माणसे उचलून दुसऱ्या थरासमोर उभी करू नयेत. पहाऱ्यात साऱ्या आळीची माणसे असावीत. हाती अधिकार देण्यापूर्वी शिक्षण द्यावे आणि घेतलेल्या कामाचा रास्त मोबदलाही द्यावा. आणि अधिकार वापरणाऱ्याला कोठेतरी जाब द्यावा लागावा. ही कुंपणे मोडली की मँचेस्टरचे मैदान फार दूर राहत नाही. गावात चोरांची आवई उठते, तरुण मंडळी टॉर्च, शिट्टी आणि काठ्या घेऊन गस्तीला निघतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच गस्तीने एखादा अनोळखी फेरीवाला पकडला आणि पोलिसांना बोलावण्याऐवजी हात चालवले, तर राखणदार आणि गुन्हेगार यांत फरक काय उरला?

दुसरे भय याच्या अगदी उलट आहे. उद्या राखणीला कोणी येणारच नाही. ब्रिटनमध्ये आजही विशेष शिपायांना वेतन नाही, अधिकार मात्र पुरे आहेत. तेथे २०१२ साली सुमारे २० हजार विशेष शिपाई होते. २०२४ पर्यंत ती संख्या सहा हजारांच्या आसपास उतरली. आपल्याकडेही दारांना सेफ्टी डोअर आणि भिंतींवर कॅमेरे आले, समोरच्या घरात कोण राहतो हे मात्र ठाऊक नसते. पैसे देऊन बदली माणूस पाठवणारा शेक्सपिअरच्या काळचा गृहस्थ आणि मासिक वर्गणीत वॉचमन ठेवून निर्धास्त झोपणारे आपण, यांत अंतर थोडेच आहे.

म्हणून पुढच्या सणाला रस्त्याच्या तोंडाशी तो खाकीतला पोरगा दिसला, की वाचकहो, क्षणभर थांबावे. त्याने हात केला तर गाडी वळवावी. ऊन फार असले तर पाण्याचा एक तांब्या त्याच्या हाती द्यावा. सातशे वर्षांपूर्वी गावाच्या दारावर उभ्या असलेल्या त्या सहा माणसांचा तो वारसदार आहे. पूर्वी ती पाळी प्रत्येक घराची होती. आज ती आपल्या साऱ्यांच्या वतीने त्या एकट्याने घेतली आहे.